चिठ्ठीभाऊ

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी तो घरातली सगळी माणसं गोळा करायचा. नवरा, बायको, शिकणारी पोरं तर आलीच. पण चुलीपुढची म्हातारी, गोठ्यात शेण काढणारा काका, दोन दिवसांसाठी माहेरी आलेली मुलगी, सूट कोणालाच नव्हती. सगळे जमले की एकेकाकडे बघून तो तोच प्रश्न विचारायचा, "यात तुमचं काय आहे?" लोक हसायचे. एका घरातली आजी तर वैतागली. "अरे बावा, मी त्या डब्ब्याले कदी हात नाई लावला. माहं काय राहील त्यात?" हा शांतपणे म्हणाला, "आठवा, आजी. मले घाई नाई." आजी जरा वेळ पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याचा एक फोटू हाय म्हनते त्यात. नातवानं टाकला होता." नातू तो फोटो कधीच विसरून गेला होता. शोधल्यावर सापडला, आधी पेनड्राइव्हवर घेतला गेला आणि मगच पुढचं काम सुरू झालं.

लोकांना हे त्याचं वेड वाटायचं. लाखांदूरच्या एसटी स्टँडवर त्याची नक्कल करणारे दोघे-तिघे होते, आणि नक्कल चांगली करायचे. मला मात्र तिचं हसू येत नसे. हे वेड त्याला कुठल्या घरातून लागलं ते मला ठाऊक होतं. ते घर आमचं होतं.

त्याचं खरं नाव सुखदेव. पण त्या नावानं त्याला कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचा तो चिठ्ठीभाऊ. लाखांदूरला स्टँडजवळ एका पानठेल्यामागे त्याची छोटी खोली होती, आणि तिच्यात लोकांनी मेले म्हणून टाकून दिलेले कॉम्प्युटर एकावर एक रचलेले असायचे. तो त्यांच्यावर लिनक्स बसवायचा. फुकट मिळणारी, फुकट वाटता येणारी ही सिस्टिम जुन्या मशीनला पेलते, एवढं मला त्याच्यामुळे कळलं. फुकटपणाचं कौतुक त्याला स्वतःला फारसं नव्हतं. "फुकट आहे म्हनून नोका घेऊ, चालते म्हनून घ्या," असं तो सांगायचा. आणि कोणी वेगाबद्दल कुरकुर केली की म्हणायचा, "धावनार नाई, पन चालंल. चालनाऱ्याले कायले घराभाईर काढता?"

त्याचे वडील तलावात मासे धरायचे, आजोबाही तेच करायचे. दहावीपर्यंत हाही जाळं घेऊन पाण्यात उतरायचा. पुढे नागपूरला एका दुरुस्तीच्या दुकानात चार-पाच वर्षं काढून तो परत आला, पण तलाव काही त्याच्या बोलण्यातून गेला नाही. "पानी पाहून जाळं" हे त्याचं पालुपद होतं. गळ्यात पेनड्राइव्ह असायचा, तोही जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला. आमच्या शाळेतले शिक्षक त्याला चिठ्ठीभाऊचा ताईत म्हणायचे. काम सुरू करताना तो मशीनच्या डिस्कला न शिवता त्या पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करायचा आणि पडदा, इंटरनेट, कॅमेरा, प्रिंटर, आवाज असं एकेक तपासायचा. हे झालं त्याचं पाणी पाहणं. सगळं पटलं तरच जाळं टाकायचं, म्हणजे डिस्कवर सिस्टिम बसवायची. आवाज तपासायची त्याची एक खास पद्धत होती. त्या घरातलंच एखादं गाणं शोधून तो लावायचा. "त्यायचं गानं त्यायले आयकू आलं म्हंजे झालं," म्हणायचा.

काम संपलं की चिठ्ठी. शाळेच्या वहीचं अर्धं पान, आठवीतल्या मुलासारखं गोल अक्षर, आणि मशीनच्या डब्याच्या आतल्या बाजूला डिंकानं चिकटवलेलं. काय चालतं, काय चालत नाही, सगळं त्यात. नाकाडोंगरीला मी शिक्षक होतो तेव्हा शाळेतले नऊ कॉम्प्युटर प्लास्टिकच्या खोळांखाली पडून होते. मी त्याला बोलावलं. लाखांदूरहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून नाकाडोंगरी अशा तीन एसट्या बदलून तो आला, माझ्या खोलीवर दोन दिवस राहिला, आणि नवातले सात उभे करून गेला. त्यांतल्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. एकीत लिहिलंय, "वायफाय – नाही चालत. दोनदा पाहिलं. वायर लावा." दुसरीत, "प्रिंटर – चालते. आधी प्रिंटर चालू करा, मग मशीन. उलटं केलं तर जावयासारखा रुसते." आणि तिसरीच्या शेवटी, "माझी चूक – रॅमची पट्टी सैल होती. मी अर्धा दिवस दुसरीकडे शोधलं."

ती शेवटची ओळ वाचून मी त्याला म्हणालो होतो, "अरे, चूक कशाला लिहितोस? कोण बघणार आहे?" तो डिंकाची बाटली बंद करत म्हणाला, "मी केली, लिहून ठेवली. आता दुसऱ्याले करा नाई लागत." एवढं बोलून तो चहाकडे वळला. मी मुलांना पंचवीस वर्षं मूल्यशिक्षण शिकवलं, पण त्या तासाला सांगावं असं वाक्य मला असं सहज कधी सुचलं नाही.

त्याच भागात बपेऱ्याला एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांचा मुलगा कामासाठी दूर दक्षिणेत होता. माझ्या सांगण्यावरून चिठ्ठीभाऊनं त्यांचं जुनं मशीन सुरू करून दिलं. मुलाचा चेहरा दिसू लागला, पण बाईंचा आवाज काही त्याला जाईना. पुढच्या आठवड्यात हा परत तीन एसट्या बदलून, पिशवीत चार तऱ्हेचे हेडफोन घेऊन बपेऱ्याला हजर. मी म्हणालो, "एवढ्यासाठी एवढ्या लांब आलास?" तो म्हणाला, "सर, चित्र दिसते आन् आवाज नाई, त्याले भेटनं म्हनते का?"

आता आमच्या घराचं सांगतो.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं. मी नोकरीपायी नाकाडोंगरीला राहायचो, सुट्टीत घरी यायचो. घरी बाबा आणि माझी बायको. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आईचं नाव शेवंता. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की आजूबाजूच्या बांध्यांमधल्या, म्हणजे खाचरांमधल्या, बायका तिला बोलवायच्या, कारण ती गाणं धरायची आणि बाकीच्या मागून उचलायच्या. गुडघाभर चिखलात वाकून ती दिवसभर गाऊ शकायची. मला त्याचं कधी अप्रूप वाटलं नाही. आपल्या आईला गाता येतं हे मुलाला, तिला स्वयंपाक येतो तितकंच साधं वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. मुलीसाठी घेतलेला कॉम्प्युटर ती नागपूरला हॉस्टेलवर गेल्यापासून घरीच होता, आणि तो दर दहा मिनिटांनी अडकत होता. शाळेची माहिती संध्याकाळपर्यंत भरून द्यायची होती. मी चिठ्ठीभाऊला फोन केला. तो सकाळच्या गाडीनं आला. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी चालू होती, म्हणून बाबा शेतावर गेले होते.

त्यानं विचारलं, "सर, यात तुमचं काय आहे?" तेव्हा तो फक्त मालकाला विचारायचा, पण तीनदा विचारायचा. पहिल्यांदा मी म्हणालो, काही नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, पोरीचे जुने प्रोजेक्ट असतील, गेले तरी चालतील. तिसऱ्यांदा माझा पारा चढला. "अरे भाऊ, माझ्याच घरचं मशीन आहे. मला नाही माहीत तर कोणाला माहीत? पुसून टाक सगळं." आवाज तपासायला त्यानं स्पीकर मागितले. ते टेबलावर नव्हते. मी म्हणालो, असतील कुठे तरी, तू आटप. मग त्यानं पिशवीतला हेडफोन लावला, आणि गाणंबिणं न शोधता, सिस्टिममधली बाई "लेफ्ट, राइट" म्हणते तेवढ्यावर भागवलं. मी घाई केली नसती तर त्यानं त्या डिस्कवर गाणं शोधलं असतं, आणि मग ही गोष्ट मला लिहावी लागली नसती.

दुपारी बाबा आले. पाय धुतले, आपल्या कपाटातून एक गाठोडं काढलं, आणि दोन्ही हातांत धरून ते कॉम्प्युटरजवळ आणलं. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात स्पीकर बांधलेले होते. कोणी नेऊ नयेत म्हणून ते कपाटात ठेवत, हे मला तेव्हा कळलं. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण जागा पाठ होती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "वरून तिसरं. येथी राहते." तिथं काही नव्हतं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माहे गाने कोठी आहेत?"

आईच्या शेवटच्या दोन वर्षांत बाबांनी बांधावर उभं राहून मोबाईलवर तिची गाणी धरली होती. तीन गाणी, आणि मधे एकदा ती बाबांना रागावते तेवढं. तो मोबाईल पुढे बांधीच्या पाण्यात पडला, पण त्याआधी माझ्या मुलीनं गाणी कॉम्प्युटरवर उतरवून दिली होती. दुपारी घरात कोणी नसलं की बाबा ती ऐकत. आमच्या घरात दुःख एकमेकांना दाखवायची रीत नाही. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. मुलीला तिथल्या तिथे फोन केला. तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती.

मी काही बोलणार, निदान बोलायला हवं होतं, तेवढ्यात चिठ्ठीभाऊ पुढे झाला. "काकाजी, मी पुसलं."

बाबा म्हणाले, "कोनाले इचारून?"

"तुमाले नाई इचारलं, काकाजी. चूक माही आहे."

मी पन्नाशीला आलेला माणूस. सातवीतल्या पोराला खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करणारा. बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी स्पीकर पुन्हा लुगड्यात बांधले, गाठ नीट मारली, आणि मला म्हणाले, "याले या घरी आनू नको."

काही परत आणता येतं का पाहतो म्हणून त्यानं अख्खा डबाच सोबत न्यायचा ठरवला. एसटीला वेळ होता. तो डबा हातात घेऊन अंगणात उभा राहिला. बायकोनं चहा ठेवला होता, ती कप घेऊन दारापर्यंत आली, बाबांकडे बघितलं आणि मागे फिरली. ओट्यावर बस, असं त्याला कोणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. गाडी आली, आणि डबा मांडीवर घेऊन तो गेला.

चार दिवस त्यानं दुकान बंद ठेवून त्या डिस्कमधून मिळेल ते उपसलं. मुलीचे पाचवीपासूनचे सगळे प्रोजेक्ट मिळाले. मी भरलेले अर्ज मिळाले. कोणाच्या तरी वाढदिवसाची पत्रिका मिळाली. नको होतं ते सगळं परत आलं. गाण्यांपैकी दोन सेकंदांची खरखर हाती लागली, आणि तिच्यात आई आहे की वारा आहे हे मलाही सांगता आलं नाही.

डबा आणायला मी त्याच्या दुकानात गेलो तेव्हा म्हणालो, "भाऊ, तू मला वाचवलंस. तू तसं म्हणायला नको होतंस." तो स्क्रू पिळत होता. मान वर न करता म्हणाला, "कायचं वाचवलं, सर? जे होतं तेच सांगतलं." हा त्याचा मोठेपणा आहे असं मी समजलो, आणि त्या समजुतीखाली निवांत झालो. मोठ्या मनाचा माणूस भेटला की भित्र्या माणसाची मोठी सोय होते. डब्यात नवी चिठ्ठी असणार हे मला माहीत होतं. तीत काय लिहिलं असेल या भीतीनं तो डबा मी सहा वर्षं उघडला नाही.

त्यानंतर तो घरातली सगळी माणसं गोळा करू लागला. आणि "यात तुमचं काय आहे?" झाल्यावर आमच्या गावाच्या भागातल्या घरांमध्ये आणखी एक प्रश्न विचारू लागला, "शेवंताकाकूचा आवाज आहे का कोठी?" आई गावोगावच्या हळदींना, लग्नांना गेलेली. कोणी तरी, कधी तरी मोबाईलमध्ये धरलं असेल, असा त्याचा हिशेब. दोनदा त्यानं मला फोन करून गाणं ऐकवलं. दोन्ही वेळा पहिल्याच ओळीला मी म्हणालो, ही आई नाही. "बरं," म्हणायचा, "पाहू अजून." तिसरा फोन यायला दोन वर्षं गेली.

या वेळी त्याला सापडलेल्या एका लग्नाच्या व्हिडिओत पंगत चालू होती. कॅमेरा नवरीच्या मामाच्या पानावर, आणि मागून कुठून तरी आईचा आवाज. गाणं नाही, काही नाही. वाढणाऱ्या बायकांना ती सांगत होती, "अवं, त्या पाव्हन्याले वाढा ना कोनी. कवाचा उभा आहे तो." मग भांड्यांचा आवाज, तिचं हसणं, आणि मामानं भात मागितला. सगळं मिळून अकरा सेकंद.

ते घेऊन तो स्वतः आमच्या गावी आला. रविवार होता. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. फाटकाशी त्याला पाहिलं आणि उठून आत गेले. मी बाहेर गेलो. त्यानं फाटकावरून एक पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. "काकाजीले द्या. गानं नाई, सर. पन आवाज आहे." तो थोडा वेळ तिथंच उभा होता, बहुधा आतून ऐकू येईल म्हणून. मी त्याला आत ये म्हणालो नाही. बाबा आत होते ना. तो परत जायला निघाला तेव्हा उन्हात त्याची सावली पार आखूड झाली होती.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "कोठी भेटला?" मी म्हणालो, "एका लग्नाच्या व्हिडिओत सापडला." कोणाला सापडला ते मी सांगितलं नाही. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी लहान असतानाही त्यांनी असा हात कधी फिरवल्याचं मला आठवत नाही. तो हात माझ्यासाठी नव्हता, आणि मी तो घेतला.

तो आवाज त्यांच्या नव्या मोबाईलवर टाकून दिला. तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की बाबा तो तीनदा लावत. "अवं, त्या पाव्हन्याले वाढा ना कोनी." आमच्या घरात चार वर्षं ते वाक्य रोज तीनदा ऐकू यायचं, आणि सुट्टीत मी घरी असलो की तीनही वेळा दुसऱ्या खोलीत जायचो.

गेल्या वर्षी चिठ्ठीभाऊच्या पोटात दुखू लागलं. पित्त आहे, पित्त आहे म्हणत त्यानं बरेच महिने काढले. नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी दवाखान्यात भेटायला गेलो. गळ्यातला दोरा नर्सनं काढायला लावलेला, तो पेनड्राइव्ह खाटेच्या दांडीला बांधलेला होता. माणूस हाडांवर आला होता, पण पहिला प्रश्न मशीनचाच. "तुमच्या घरचं चालते ना, सर? साऊंड?"

"चालतं," मी म्हणालो.

"काकाजी आयकतेत?"

"रोज."

"मंग झालं."

मी त्याचा हात धरून म्हणालो की या वेळी घरी गेलो की बाबांना सगळं सांगतो, त्यांना इथं घेऊन येतो. तो हसला. "सांगा. पन माह्यासाठी नोका सांगू, सर. मले काई जड नाई गेलं." मग म्हणाला, "एक डाव काकाजी आले तर बरं वाटंल मात्र."

घरी आलो तर बाबांना ताप होता. ताप उतरला तर रोवणी लागली. मग पाऊस होता, मग शाळेची तपासणी होती. खरं सांगायचं तर यांतलं काहीच आड येत नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं, आणि ती दोन वाक्यं मी रोज उद्यावर ढकलली. धान कापणीला आले त्या दिवसांत तो गेला. मला मोबाईलवरच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं, तेही चौथ्या दिवशी. बाबांना सांगितलं, "चिठ्ठीभाऊ वारला." बाबा खळ्याकडे बघत म्हणाले, "पोरगा वाईट नोयता. माह्याच मनातून गेलं नाई." तेव्हाही मी गप्प राहिलो.

पौषात आमचं मशीन बंद पडलं. आता बोलवायला कोणी नव्हतं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो आणि सहा वर्षांनी डबा उघडला. आत धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं, आणि चिठ्ठी होती. सरांना तीनदा विचारलं, नाही म्हणाले, एवढं लिहिलेलं असणार असं मला वाटलं, आणि तसं असतं तर ते खरंच होतं. मी चष्मा पुसून वाचलं.

"वायफाय – चालते. साऊंड – चालते. हेडफोनवर पाहिलं. घरचं गाणं लावून पाहिलं नाही. माझी चूक – ज्याचं मशीन त्याला विचारलं. जो बसते त्याला विचारलं नाही. काकाजीची गाणी गेली."

माझं नाव कुठेच नव्हतं. त्यानं मला वाचवलंच नव्हतं. त्याला खरोखरच ती स्वतःची चूक वाटत होती, आणि ती दुसऱ्याला करावी लागू नये म्हणून तो पुढे सहा वर्षं म्हाताऱ्याकोताऱ्यांना चुलीपुढून उठवून विचारत हिंडला. चूक तर माझी होती. मी ती कुठेही लिहून ठेवली नव्हती.

मी चिठ्ठी अलगद सोडवली आणि बाबांकडे नेली. त्यांनी ती हातभर लांब धरून वाचली. "ज्याचं मशीन त्याले म्हंजे कोनाले?"

"मला, बाबा. त्यानं तीनदा विचारलं होतं. मी म्हणालो, पुसून टाक. आणि आईचा आवाज मला नाही सापडला. त्यानं दोन वर्षं शोधून आणला. त्या रविवारी फाटकाशी उभा होता, तो तेवढ्यासाठीच."

जेवण झालेलं होतं, म्हणून सवयीनं बाबांचा हात मोबाईलकडे गेला. आईचा आवाज आला, "अवं, त्या पाव्हन्याले वाढा ना कोनी. कवाचा उभा आहे तो." पुन्हा लावायला उचललेलं बोट त्यांनी तसंच खाली घेतलं. त्या दिवशी त्यांनी तो एकदाच ऐकला. मग म्हणाले, "त्याची बायको कोठी राहते?"

"लाखांदूरलाच."

"उद्या जाऊ. सांगाचं तू. मी नाई सांगनार."

सकाळी बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं. बायकोला सांगून भात, वांग्याची भाजी आणि वडे करून घेतले, डबा स्वतः बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. चिठ्ठीभाऊच्या घरी खोलीत त्याचा फोटो होता, आणि फोटोच्या खिळ्याला दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह. बाबा खाली बसले. मी दाराशी उभा राहूनच सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, काही न वगळता. वहिनी, म्हणजे चिठ्ठीभाऊची बायको, ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "त्यायनं घरी कदी नाई सांगतलं हे. मी म्हने, तुमी काकाजीकडं काहून नाई जात आता? तर म्हने, तेथचं माहं थोडं काम बाकी आहे."

बाबांनी ताट मागितलं. डबा उघडून त्यांनी स्वतः वाढलं, भात, भाजी, दोन वडे, आणि ते ताट उठून फोटोपुढे ठेवलं. थोडा भात जमिनीवर सांडला. तो वेचून घेत ते हळूच म्हणाले, "उशीर झाला, बापा."

वहिनींनी आणखी दोन ताटं घेतली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, बसा ना. कवाचे उभे आहा तुमी."

आमच्या घरच्या त्या अकरा सेकंदांत काय आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो, आणि बाबांनी माझ्या ताटात भात वाढला.